शेऱ्याचा रकाना

नगर जिल्ह्यात आजवर जन्मलेल्या तमाम माणसांपैकी यंत्रासमोर खुर्ची टाकून बसणारा, त्याला "का?" असा एकाक्षरी सवाल करणारा आणि उत्तर मिळेपर्यंत जेवायलाही न उठणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या शेतकी खात्याचा हेडक्लार्क होता. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्या वेळी त्यांचा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन मी शेजारीच बसलो होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. साखर कारखाना होता आणि संगमनेर व राहुरी या दोन्ही गावांहून सारख्याच गैरसोयीच्या अंतरावर होता, एवढं पुरे. संगमनेरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन बहात्तर सालच्या उन्हाळ्यात मी तिथे ज्युनिअर क्लार्क म्हणून चिकटलो आणि कॉलनीत मला खोली मिळाली ती हेडक्लार्कच्या भिंतीला भिंत लागून. ते सत्तावन्न वर्षांचे, मी तेवीसचा. सगळा कारखाना त्यांना भाऊसाहेब म्हणे, मीही म्हणू लागलो. ते मात्र मला दोन प्रकारे बोलत. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत मी 'तुम्ही' असे, आणि भोंगा वाजला की 'तू'. एकदा "तुम्ही ते रजिस्टर कपाटात" एवढं म्हणून झालं आणि भोंगा सुरू झाला. भाऊसाहेब तो संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "ठेव, नि चल घरी, तुझ्या काकूनं थालीपीठं लावलीयत."

सरकारी असो की सहकारी, कुठलंही रजिस्टर उघडा, शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. बाकीचे कारकून तो कोरा सोडतात किंवा वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढून मोकळे होतात. भाऊसाहेबांचं रजिस्टर मात्र उलट्या बाजूनं वाचावं लागे. सगळा माल शेऱ्यात. शेतकऱ्याचं नाव, गाव, क्षेत्र, उसाची जात, लागणीचा महिना हे चार-पाच रकाने त्यांना शेऱ्याची प्रस्तावना वाटत असावेत. "बैल मारका. डावीकडून जावे." "शेतकरी रागीट, पण बोलून झाल्यावर ऐकतो. आधी बोलू द्यावे." "गूळ देऊ करतो. घेऊ नये." आणि प्रत्येक शेऱ्याखाली न चुकता दोन शब्द, "समक्ष पाहिले." हे दोन शब्द म्हणजे त्यांचा धर्म होता. जे स्वतः जाऊन पाहिलं नाही त्यावर शेरा मारायचा नाही. त्यासाठी ते एका ब्रेक नसलेल्या सायकलवरून पंचवीस-तीस गावं हिंडत. सायकलच्या मडगार्डावरही बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "ब्रेक नाही. उतारावर उतरावे. समक्ष पाहिले." हे समक्ष कसं पाहिलं ते त्यांच्या गुडघ्यावरच्या व्रणावरून कळत असे.

हा रोग ऑफिसात राहिला असता तर काकू सुखी झाल्या असत्या. पण घरातल्या लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी असे, "मीठ कमी. दोष लिंबांचा नाही." छत्रीच्या कापडाला आतून शिवलेल्या पट्टीवर, "एक काडी तुटकी. सौम्य पावसापुरती." भिंतीवर दोघांच्या लग्नाचा फोटो होता. एकदा झाडताना तो खाली आला आणि मागची बाजू मला वाचायला मिळाली, "वराच्या मुंडावळ्या डावीकडे सुटलेल्या. वधू हसू दाबते आहे. बाकी सर्व ठीक." मी काकूंना ते वाचून दाखवलं, तर त्या पस्तीस वर्षांनंतरही पदर तोंडाशी नेऊन तेच हसू दाबायला लागल्या. माणसांवरचे शेरे एका निळ्या वहीत असत. ती वही कुणालाच बघायला मिळत नसे. तरी माझ्यावरचा शेरा त्यांनी मला पहिल्याच महिन्यात तोंडी सांगितला होता, "अक्षर बरे. घाई." मी विचारलं, सुधारणा झाली तर शेरा बदलतो का? ते म्हणाले, खोडत नाही, खाली भर घालतो.

आता त्यांचं खरं काम सांगितलं पाहिजे, नाहीतर माणूस नुसता विक्षिप्त वाटेल. हंगामात कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा मागून, याची यादी ते करत. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ऊस वेळेवर तुटला नाही की त्याला तुरा फुटतो, तो आतून पोकळ पडतो, वजन घटतं आणि वर्षभराची मेहनत शेतातच वाळते. म्हणून हंगामाचे चार-पाच महिने सगळ्या पंचक्रोशीचा जीव त्या यादीत असे. आणि यादीचं मर्म शेऱ्यात. एखाद्याचं शेत दुसऱ्याच्या शेताच्या पोटात असतं. बाहेरच्याचा ऊस तुटल्याशिवाय आतल्याकडे बैलगाडी जाऊच शकत नाही. दोघांच्यात अबोला असला तर तुटल्यावरही जात नाही. हे सगळं भाऊसाहेबांच्या डोक्यात आणि रकान्यात होतं. यादी लावली की ते आपल्या खोलीच्या दाराशी एक लाकडी बाक टाकत. आपला ऊस मागे का, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं त्या बाकावर बसायचं. भाऊसाहेब एकेकाला आत बोलावून रजिस्टर उघडत आणि कारण वाचून दाखवत. रामराम करणाऱ्याला रामराम, सलाम करणाऱ्याला सलाम, जयभीम करणाऱ्याला जयभीम असं ज्याचं त्याला परत देत, आणि मग कारण. कारण ऐकून सगळेच खूश होऊन जात असं नाही. एकजण तर दरवर्षी भांडून, टोपी आपटून, पाणी पिऊन जाई. पण जाताना तो भाऊसाहेबांशी भांडून जाई, हे महत्त्वाचं. भांडायला समोर माणूस होता.

माझ्या पहिल्याच हंगामाआधी आमच्या चेअरमनसाहेबांनी यंत्र आणलं. म्हणजे ते गणकयंत्र, कॉम्प्युटर, पुण्यातच होतं, एका कंपनीच्या थंड खोलीत. आपण फक्त रजिस्टरातली माहिती कार्डांवर भोकं टोचून पाठवायची, दोन दिवसांत छापील यादी घरपोच. चेअरमन माणूस वाईट नव्हता, हेही सांगून ठेवतो. संचालकांचे भाचे-मेहुणे भाऊसाहेबांच्या टेबलावर येऊन बसत, यादीत वर घ्या म्हणून दमदाटी करत, आणि दहात एखाद्या वेळी भाऊसाहेबांचंही काही चालत नसे, हे त्यांना ठाऊक होतं. सभेत ते म्हणाले की यंत्राला ना भाऊ ना मेहुणा, ते फक्त लागणीची तारीख बघतं. टाळ्या पडल्या. त्यात भाऊसाहेबांची टाळी सगळ्यात मोठी होती. घरी येताना ते मला म्हणाले की वशिला जाणार असेल तर मी त्या यंत्राची आरती करीन.

मला पुण्याला पंधरा दिवस कार्डं टोचायला शिकायला पाठवलं. परत आलो तेव्हा शिपायानं कोऱ्या कार्डांच्या खोक्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला आणि नारळाचं पाणी उडून पहिली दहा कार्डं वाया गेली. भाऊसाहेबांनी एक कार्ड हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. रकाने किती, असं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, ऐंशी. त्यांचा चेहरा खुलला. आपल्या रजिस्टरला तर जेमतेम सात. मग म्हणाले, "यातला शेऱ्याचा कुठला?"

ऐंशीतला एकही शेऱ्याचा नव्हता. कार्डावर नाव-गाव सोडलं तर फक्त आकडेच टोचायचे असतात, हे मी त्यांना समजावलं. ते ऐकून ते रुसले नाहीत की चिडले नाहीत, उलट दोन रकाने उसने मागितले. दोन रकान्यांत एक ते नव्व्याण्णव आकडे बसतात, तेव्हा सगळ्या शेऱ्यांना नंबर द्यायचे. आठ दिवस सुट्टीच्या वेळात आम्ही दोघं त्यांच्या पडवीत बसलो. वाट नाही, नंबर एक. वाट आहे पण ओढा आडवा, नंबर दोन. भावाशी अबोला, नंबर तीन. इथे गाडं अडलं. भाऊसाहेब म्हणाले, सख्ख्या भावाशी अबोला आणि चुलत भावाशी अबोला यांना एकच नंबर कसा देता येईल? सख्खे दिवाळीत बहिणीच्या पाटावर समोरासमोर येतात, तिथे कुणीतरी बोलतं, वाट मिळते. चुलत्यांचं तसं नाही. आणि चुलत्यांतही ज्यांची विहीर सामाईक आहे त्यांचं वेगळं. नव्व्याण्णव नंबर चौथ्या दिवशी संपले आणि तेव्हा आम्ही भाऊबंदकीतून बाहेरही पडलो नव्हतो. आठव्या दिवशी त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.

यादी आली. लांबलचक, घड्याघड्यांचा, काठाला भोकं असलेला कागद, जांभळट अक्षरं. नोटीस बोर्डावर मावेना म्हणून भिंतीवरून खाली सोडला. संचालकांचे मेहुणे खरोखर आपापल्या जागी, मधेच कुठेतरी गेले होते. हे पाहून लोकांना आनंद झाला आणि तो खरा होता. मग आतल्या शेताची तोड आधी आणि बाहेरच्याची मागून, असं जागोजाग निघालं. गाड्या बांधावर जाऊन उभ्या राहायला लागल्या. लोक बाकावर येऊन बसायला लागले आणि आम्ही ऑफिसातली मंडळी एक नवंच वाक्य बोलायला शिकलो, "यंत्रानं दिलंय." फार सोयीचं वाक्य होतं ते. आवाज चढवावा लागत नसे, रजिस्टर उघडावं लागत नसे, समोरच्याच्या तोंडाकडे बघावंही लागत नसे. साथीसारखं ते पसरलं. कँटीनवाल्याला चहा पांचट का विचारलं तर म्हणे, यंत्रानं दिलाय. कॉलनीत एका नवऱ्यानं भाजी खारट झाली म्हटल्यावर बायकोनं त्याला हेच सुनावलं. भाऊसाहेब या विनोदांना हसत नसत. त्यांचं रजिस्टर जुन्या रेकॉर्डच्या खोलीत गेलं होतं. तरी बाक त्यांनी हलवला नाही. पण बाकावरच्या माणसाला आत बोलावून त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच "माहीत नाही" असं म्हणावं लागत होतं. ते शब्द ते इतके हळू म्हणत की समोरचा "आं?" करी आणि त्यांना पुन्हा म्हणावं लागे.

डिसेंबरात हवालदार भागाजी बाकावर येऊन बसले. आमच्या भागातल्या छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांपैकी त्यांचं घर, आणि पलटणीत नोकरी करून ते पेन्शनवर आलेले. गावच्या एका बड्या बागायतदाराच्या शेताच्या पोटात त्यांची एकरभर जमीन होती. तिच्यात त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऊस लावला होता. त्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणी हवालदार नि त्यांची बायको घागरींनी सरीत ओतत होती. जानेवारीत तोड यायला हवी होती, आणि भिंतीवरच्या कागदावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी शोधलं तेव्हा ते दुसऱ्या कागदावर सापडलं, पुढच्या हंगामाच्या. म्हणजे अजून वर्षभरानं. मी त्यांना सांगितलं, "यंत्रानं दिलंय." ते गेले. आठवड्यानं पुन्हा आले, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा भाऊसाहेब माझ्या मागे उभे होते. हवालदार ताठ उभे राहिले नि माझ्याशी न बोलता त्यांच्याशी बोलले.

"जयभीम, भाऊसाहेब. मी पल्टनीत हुतो. आर्डर आली की पाळायची, हे मला ठावं हाय. पन आर्डर कुनी दिली, ते तरी आमाला ठावं आसायचं. हितं कुनी दिली, ते सांगा. मी न्हाई भांडनार."

भाऊसाहेबांनी जयभीम केला. मग म्हणाले, "मला माहीत नाही. पण मी विचारून येतो." हवालदारांनी सांगितलं की शेजारच्या बागायतदाराचा ऊस तुटून गेलाय, तोवर गाड्यांना वाट आहे. तो पंधरवड्यात रान नांगरणार, मग वाट बंद. भाऊसाहेबांनी तेवढं कागदावर टिपलं आणि खाली सवयीनं "समक्ष" एवढं लिहून थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर जाऊन पाहून आले आणि "पाहिले" पुरं केलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुण्याला. संगमनेरहून एस.टी., भाऊसाहेबांच्या काखेत जुन्या रेकॉर्डच्या खोलीतून काढलेलं रजिस्टर, माझ्याकडे काकूंनी दिलेला डबा. यंत्राच्या खोलीबाहेर चपला काढायला लावल्या, तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, देवघराची शिस्त आहे. आत लोखंडी कपाटांच्या रांगा आणि गार वारा. एक हसतमुख तरुण इंजिनिअर आम्हाला सामोरा आला. भाऊसाहेबांनी एक खुर्ची मागून घेतली, ती सगळ्यात मोठ्या कपाटासमोर ठेवली, बसले आणि त्या कपाटाकडे बघून विचारलं, "भागाजी हवालदाराचा ऊस पुढच्या साली. का?" इंजिनिअर हसला, मग हे थट्टा करत नाहीत हे पाहून हसायचा थांबला. त्यानं नीट समजावलं की यंत्राला का असं विचारता येत नाही, त्यानं काय दिलं एवढंच बघता येतं. भाऊसाहेब म्हणाले, मग मी बसतो. दोन तास बसले. मी डबा पुढे केला तर मान हलवली. यंत्र घरघरत होतं आणि ते त्याच्याकडे, बाकावरच्या एखाद्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं, न रागावता बघत होते. शेवटी त्या इंजिनिअरलाच राहवेना. त्यानं दीड-दोन हजार कार्डांच्या गठ्ठ्यांतून भागाजींचं कार्ड शोधून आणलं आणि भोकांवर बोट ठेवून वाचलं. गाव, नाव, क्षेत्र, उसाची जात. लागणीचा महिना, नऊ.

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. त्यांच्या हस्ताक्षरात लागणीच्या महिन्याच्या रकान्यात एक होता. आपला मराठी एक, गोल डोक्याचा आणि खाली शेपूट काढलेला. भाऊसाहेबांच्या एकाची शेपूट जरा जास्त वळत असे, घाईनं पाहिलं तर नऊ दिसावा इतकी. मी घाईनं पाहिलं होतं. जानेवारीत लावलेला ऊस मी सप्टेंबरात लावला होता, म्हणजे यंत्राच्या हिशेबी तो जेमतेम चार महिन्यांचा होता. आमच्याकडे सप्टेंबरात सहसा कुणी ऊस लावत नाही, आणि त्या सप्टेंबरात तर गावोगाव प्यायला पाणी नव्हतं. ज्या माणसानं कधी बांधावर पाय ठेवलाय त्याला तो आकडा टोचताना हात थांबवावासा वाटला असता. यंत्राला वाटायचं काही कारण नव्हतं. मला होतं.

मी अजून कच्चा होतो, नोकरीवर कायम व्हायचा होतो. एक चूक सापडली की बाहेर, हे मला रुजू होतानाच सांगितलेलं होतं. घरी धाकट्या दोन बहिणी होत्या. तोंड उघडून "हे माझं वाचन" एवढंच म्हणायचं होतं आणि मी डब्याची कडी चाचपत राहिलो. भाऊसाहेबांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा रजिस्टरकडे, आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. इंजिनिअरला म्हणाले, "अक्षर माझं. शेपूट फार झाली." मग रजिस्टर मिटून मला म्हणाले, "तू डबा उघड आता." भोंग्याला अजून तीन तास होते. ऑफिसच्या वेळात त्यांनी मला तू म्हटल्याचं हे पहिलंच उदाहरण.

परत आल्यावर चेअरमनसाहेब अडले, आणि त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. एक नाव हातानं वर घेतलं की उद्या सगळे मेहुणे टेबलावर येऊन बसतील, मग यंत्र कशाला आणलं, असं ते म्हणाले. भाऊसाहेबांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. त्या छापील कागदाच्या कडेला, जिथे रकाना नव्हताच तिथे, एक उभी रेघ मारून रकाना केला आणि भागाजींच्या नावासमोर लिहिलं, "लागण महिना एक. नऊ नव्हे. चूक हेडक्लार्कची. समक्ष पाहिले." खाली पूर्ण नावाची सही. आणि म्हणाले, "साहेब, वशिल्याखाली कुणी सही करत नाही. याच्याखाली माझी आहे. कुणी विचारलं तर बाकावर पाठवा."

चेअरमननी ती लाल अक्षरं दोनदा वाचली आणि मान्यता दिली. नांगर यायच्या दोन दिवस आधी हवालदारांचा ऊस तुटला. निम्मा वाळला होता, पण गाडीत चढला. शेवटची गाडी कारखान्याच्या गव्हाणीशी, जिथे ऊस गाळपाला पडतो तिथे, आली तेव्हा हवालदार सदरा-टोपी घालून गाडीबरोबर चालत आले होते. त्यांनी भाऊसाहेबांना कडक सलाम ठोकला. भाऊसाहेब ज्याचं त्याला परत देणारे, त्यांनीही कपाळाला हात लावून तसाच सलाम करायचा प्रयत्न केला आणि त्यात त्यांचा चष्मा पडला. पुढच्या हंगामापासून छापील यादी उजवीकडे चार बोटं कोरी जागा सोडून यायला लागली. ती त्या इंजिनिअरनं आपणहून सोडली होती.

पण कागदोपत्री चूक झालीच होती आणि कुणाच्या तरी नावावर पडायला हवीच होती. भाऊसाहेबांच्या सर्व्हिस बुकात, निवृत्तीला आठ महिने उरले असताना, एक प्रतिकूल शेरा पडला, "कामात निष्काळजी." बावीस वर्षांच्या नोकरीतला पहिला आणि एकुलता एक. साऱ्या दुनियेवर शेरे मारणाऱ्या माणसावर हा एवढाच शेरा, आणि तो कुणी समक्ष पाहून लिहिलेला नव्हता. ती नोंद करायचं काम ज्युनिअर क्लार्कचं, म्हणजे माझं. मी ती सुवाच्य अक्षरात केली. त्या दिवशी मला अजिबात घाई नव्हती. तरीही मी काही बोललो नाही. मार्चमध्ये मी कायम झालो. काकूंनी त्या दिवशी शिरा केला आणि भाऊसाहेबांनी दोनदा मागून घेतला.

निवृत्त होऊन ते दोघं राहुरीजवळ त्यांच्या मुलाकडे राहायला गेले. मी दर दिवाळीला जाईन म्हणालो होतो आणि गेलो नाही. का गेलो नाही, ते मला ठाऊक होतं. दीड वर्षानं एका रविवारी अचानक उठलो आणि एस.टी. पकडली. भाऊसाहेब अंगणात गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. चहाही न घेता, उभ्या उभ्याच मी सांगून टाकलं. तुमचे एकाचे आकडे मी शेकड्यांनी वाचले होते, सगळे बरोबर वाचले, तेवढा एकच चुकला, दोष अक्षराचा नव्हता, माझा होता, आणि पुण्याला मी गप्प बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "शिरा नीट काढ. घाई करतोस."

त्यानंतर ते फार वर्षं राहिले नाहीत. तेराव्याला गेलो तेव्हा काकूंनी मला आत बोलावून ती निळी वही दिली. म्हणाल्या, ठेव तुझ्याकडे, पण यातलं तुझं पान तेवढं तू बघ, बाकीची उघडू नकोस. मी पान उघडलं. वरती ठाऊक असलेलंच होतं, "अक्षर बरे. घाई. समक्ष पाहिले." त्याखाली आम्ही दोघं पुण्याहून परत आलो त्या दिवशीची तारीख घालून लिहिलं होतं, "सांगेल. वाट पाहावी." याच्यापुढे मात्र "समक्ष पाहिले" नव्हतं. साऱ्या वहीत नसेल, पण माझ्या पानावर तरी न पाहता मारलेला तो एकच शेरा होता.

आता मीच निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली. पेन्शन अडली म्हणून खिडकीशी जातो तर आतली मुलगी पडद्याकडे बघत सांगते, सिस्टीम घेत नाही काका. नातू म्हणतो, हल्लीच्या यंत्राला का विचारलं तर ते कारणही सांगतं, तेही गोड भाषेत. सांगत असेल. भाऊसाहेब असते तर खुर्ची टाकून ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं असतं, आणि मग खाली सही कुणाची, एवढंच विचारलं असतं. ती मुलगी चांगली आहे, तिच्यावर मी रागवत नाही. फक्त निघताना तिथल्या बाकावर जरा वेळ बसतो. घरी आलो की कधीतरी निळी वही काढतो आणि माझ्या पानावरची शेवटची ओळ वाचतो. ती त्या रविवारची आहे, शेंगा मोडून झाल्यावरची. तारखेतल्या एकाची शेपूट त्यांनी जाणूनबुजून सरळ काढली आहे.

"सांगितले. समक्ष ऐकले."